यंत्र जुने झाले, हे कोण ठरवते?

बैलगाडीचे चाक मोडले तर गावचा सुतार ते नीट करून देतो. ते चाक मुळात कोणी घडवले होते, याची त्याला पंचाईत नसते. संगणकाचे मात्र तसे नाही. त्याचे सारे भाग धडधाकट असले, तरी त्याच्यासाठी कार्यप्रणाली पुरवणाऱ्या कंपनीने ती देणे थांबवले की काही वर्षांतच तो अडगळीत जातो. मग यंत्र जुने झाले म्हणजे नेमके काय झाले? आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा? या प्रश्नाचे एक वेगळे उत्तर १९९० च्या दशकात लिनक्स या कार्यप्रणालीने दिले. त्याची ही हकिकत आहे.

१९८० च्या दशकात घरगुती संगणक आणि खोलीभर पसरणारे मोठे संगणक यांच्या मधली एक जात पुढे आली. तिला ‘वर्कस्टेशन’ म्हणत. अभियंते आणि शास्त्रज्ञ यांच्या टेबलावर बसणारे, चांगल्या पडद्याचे, नेटवर्कला जोडलेले असे हे यंत्र असे. या क्षेत्रात अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी आघाडीवर होती. १९८२ साली तिची स्थापना झाली, तेव्हाच्या संस्थापकांत पुण्यात जन्मलेले विनोद खोसलाही होते. १९८९ साली सनने ‘स्पार्कस्टेशन १’ बाजारात आणले. पिझ्झाच्या खोक्यासारख्या चपट्या पेटीतल्या या यंत्राच्या ‘स्पार्क’ प्रक्रियकाचा वेग २० मेगाहर्ट्झ होता. आज हा आकडा किरकोळ वाटेल, पण त्या काळी असे यंत्र मिळणे ही प्रयोगशाळेची चैन होती. त्यावर चालणारी युनिक्स कार्यप्रणाली सनचीच असे.

लिनक्सचा जन्म झाला तो मात्र अगदी वेगळ्या यंत्रावर. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने १९९१ च्या जानेवारीत इंटेलचा ‘३८६’ प्रक्रियक असलेला संगणक घेतला आणि त्याच्यासाठी कार्यप्रणालीचा गाभा लिहायला सुरुवात केली. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने हे काम जाहीर केले. आपली आज्ञावली दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेता येण्याजोगी नाही, हेही त्याने त्याच वेळी सांगून टाकले होते. १९९२ साली त्याने एक मोठा निर्णय घेतला. ही आज्ञावली कोणीही वाचावी, बदलावी आणि वाटावी. मात्र बदललेली आज्ञावली वाटताना तिचा मूळ मजकूरही त्याच अटींवर इतरांना द्यावा, अशा परवान्याखाली त्याने ती खुली केली. पुढचा सारा इतिहास या परवान्यामुळे घडला.

एका यंत्राची आज्ञावली दुसऱ्यावर नेणे अवघड का असते? मराठीतलाच दाखला घेऊ. आपण ‘२५’ लिहिताना आधी दोन आणि मग पाच लिहितो. वाचताना मात्र ‘पंचवीस’ म्हणतो, म्हणजे आधी पाच आणि मग वीस. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाने सांगितलेला क्रम दुसऱ्याने उलटा धरला तर पंचविसाचे बावन्न होतील. संगणक मोठी संख्या स्मृतीच्या लागोपाठच्या घरांत तुकडे करून ठेवतो. इंटेलचे प्रक्रियक लहान किमतीचा तुकडा आधी ठेवतात, सनचे स्पार्क प्रक्रियक मोठ्या किमतीचा. स्मृतीची राखण करण्याच्या आणि एका कामावरून दुसऱ्या कामावर जाण्याच्या रीतीही निरनिराळ्या. ३८६ च्या रीती टॉरवाल्ड्सच्या आज्ञावलीत जागोजागी मुरलेल्या होत्या.

ही गाठ सुटायला एक निमित्त झाले. मे १९९४ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या संगणक-वापरकर्त्यांचे संमेलन भरले होते. तेथे त्या कंपनीतील जॉन हॉल यांची टॉरवाल्ड्सशी भेट झाली. हॉल यांनी खटपट करून कंपनीचे ‘अल्फा’ जातीचे एक यंत्र त्याला वापरायला मिळवून दिले. अल्फा ६४ बिटांचे, ३८६ हे ३२ बिटांचे. नुसती डागडुजी करून भागणार नव्हते. म्हणून सर्व यंत्रांना समान असलेला भाग एकीकडे आणि यंत्रागणिक बदलणारा भाग दुसरीकडे, अशी आज्ञावलीची मांडणी करावी लागली. मार्च १९९५ मध्ये लिनक्सची १.२ ही आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यात अल्फा, स्पार्क आणि मिप्स या जातींसाठीचा मजकूर आलेला होता.

स्पार्कवरील कामात पुढाकार होता डेव्हिड मिलर याचा. तो तेव्हा न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठात होता. त्याला दोन गोष्टींचे साहाय्य झाले. एक म्हणजे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेला खुला भाषांतरक ‘जीसीसी’. एव्हाना तो स्पार्कसाठीही यंत्रभाषा तयार करू शकत होता. दुसरे म्हणजे खुद्द सनच्या यंत्रातील ‘ओपनबूट’ ही कायमची आज्ञावली. यंत्र सुरू होताच ती जोडलेल्या उपकरणांची झाडासारखी शाखा-उपशाखांची यादी करते आणि कार्यप्रणालीने विचारल्यावर ती तिच्या हाती देते. यंत्र आपली ओळख आपणच करून देत असल्याने बाहेरच्या माणसालाही त्याच्या अंतरंगात वाट काढता आली.

तरी प्रत्यक्षात लिनक्स बसवताना अडचणी येतच. जुन्या सनचा पडदा खास जोडणीचा असे, साधा पडदा त्याला सहज जोडता येत नसे. त्यावर तोड अशी की कळफलक न जोडताच यंत्र सुरू करायचे. मग ते आपले सारे बोलणे मागच्या सिरीयल जोडणीकडे वळवते आणि दुसऱ्या संगणकावर वाचता येते. साध्या संगणकाचा सीडी-वाचक जोडला तर बऱ्याचदा सनला त्यावरून सुरू होता येत नसे. कारण सन ५१२ बाइटांचे तुकडे मागे आणि वाचक २०४८ बाइटांचे तुकडे देई.

अशा वेळी नेटवर्कवरून सुरुवात करणे हा मार्ग उरतो. यंत्र नेटवर्कवर पुकारा करते: ‘माझा इथरनेट क्रमांक अमुक आहे, माझा पत्ता काय?’ दुसरा संगणक पत्ता सांगतो. मग यंत्र त्या पत्त्याच्याच नावाची फाइल मागते, पण नाव षोडशमान पद्धतीत. पत्ता १९२.१६८.१.१० असेल तर १९२ म्हणजे १२ सोळा आणि शून्य, म्हणून ‘सी०’. १६८ म्हणजे १० सोळा आणि ८, म्हणून ‘ए८’. तसेच १ चे ‘०१’ आणि १० चे ‘०ए’. फाइलचे नाव झाले ‘सी०ए८०१०ए’, आणि त्यापुढे यंत्राच्या जातीची खूण. एक अक्षर चुकले तरी यंत्र गप्प बसते. संख्यापद्धती शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर द्यावे.

सर्वांत विलक्षण बिघाड मात्र वयाचा. यंत्राचा इथरनेट क्रमांक सन एका छोट्या चिपमध्ये साठवत असे आणि त्या चिपच्या पोटातच लिथियमची बॅटरी होती. तिचे आयुष्य साधारण दहा वर्षांचे. ती संपली की यंत्र सुरू होते, पण स्वतःचा क्रमांक विसरलेले असते. प्रक्रियक, डिस्क, स्मृती सारे ठीक, पण ओळख पुसलेली. क्रमांकच नाही, तर वरचा पुकारा तरी कसा करणार? यावर बाहेरच्याच लोकांनी उपाय शोधून एकमेकांना सांगितला. पंधरा बाइटांची माहिती ओपनबूटच्या आज्ञांनी हाताने भरायची आणि त्यांवरून काढलेला तपासणी-अंक सोळाव्या जागी ठेवायचा. अर्थात चिप बदलल्याशिवाय हा उपाय वीज जाईपर्यंतच टिकतो. काही हौशी लोक चिपचे कवच कोरून बाहेरून बॅटरी जोडतात, पण विद्यार्थ्यांना ते करू देऊ नये.

२००० साली आलेल्या सोलॅरिस ८ मध्ये सनने स्पार्कस्टेशन १ च्या पिढीला वगळले. लिनक्सने तिला त्यानंतरही बारा वर्षे सांभाळले. पण २०१२ मध्ये लिनक्सनेही हा मजकूर काढून टाकला. तो तपासून पाहणारे कोणी उरले नव्हते, आणि न तपासलेला मजकूर इतरांच्या कामात अडथळा होतो. भावनेला तेथे थारा नव्हता. ज्या ३८६ वर लिनक्स जन्मले, त्याचाही आधार फेब्रुवारी २०१३ मधील ३.८ या आवृत्तीत संपला. अल्फाच्या सुरुवातीच्या पिढ्या २०२४ मधील ६.१० या आवृत्तीत वगळल्या गेल्या.

मग फरक काय राहिला? कंपनीने पाठ फिरवली की यंत्राच्या मालकाला काही करता येत नाही. येथे मात्र जुन्या आवृत्त्यांचा संपूर्ण मजकूर आजही कोणालाही मिळतो. तो वाचून, दुरुस्त करून जुने यंत्र चालवायला कोणाची परवानगी लागत नाही. लागतात ती कष्ट करणारी माणसे. खुल्या आज्ञावलीने यंत्राला अमरत्व दिले नाही. त्याचे आयुष्य किती, हा निर्णय तिने कंपनीच्या कचेरीतून काढून ते जपणाऱ्यांच्या हाती दिला.

या खटाटोपाचे फळ जुन्या यंत्रांपुरतेच राहिले नाही. उपकरणांची झाडासारखी यादी यंत्राने कार्यप्रणालीच्या हाती द्यावी, ही ओपनबूटमधील कल्पना १९९४ साली प्रमाणित झाली. पुढे लिनक्सने ती इतर अनेक जातींच्या यंत्रांसाठी स्वीकारली. आज लिनक्सच्या गाभ्यावर चालणाऱ्या असंख्य मोबाइल फोनमध्ये अशीच यादी असते. शाळेच्या अडगळीत एखादा जुना संगणक पडून असेल, तर तो भंगारात घालण्यापूर्वी मुलांना एवढेच विचारावे: यातले काय बिघडले आहे, आणि काय फक्त सोडून दिले गेले आहे?