गोव्यातील चर्च आणि जात

बाप्तिस्मा घेतला की सगळे देवाची लेकरे, असे सोळाव्या शतकात गोव्यात सांगितले गेले. प्रत्यक्षात बाटलेले ब्राह्मण ‘बामण’ राहिले, क्षत्रिय ‘चारडे’ झाले आणि उरलेले बहुतेक ‘शूद्र’च राहिले. चर्चच्या उत्सवातला मान, मिरवणुकीतली जागा, भाविकांच्या बंधुसंघांचे सभासदत्व, सारे जातीवर ठरे. बऱ्याच गावांत तर या संघांच्या सभासदांच्या खांद्यावरच्या आखूड झग्याच्या रंगावरून जात ओळखू येई.

चर्चमधल्या वरच्या जागा अर्थातच पोर्तुगीजांच्या. दिवाडीच्या मातेउश द काश्त्रू यांना पाद्रीपद मिळवण्यासाठी थेट रोम गाठावे लागले. 1637 मध्ये ते बिशप झाले, पण गोव्यातल्या अधिकाऱ्यांनी त्यांना जुमानले नाही. 1653 मध्ये त्यांनी ‘ब्राह्मणांचा आरसा’ लिहिला. आरसा पोर्तुगीजांपुढे नेमका धरलेला होता. स्वतःच्या जात्यभिमानावर मात्र त्यांनी तो फिरवला नाही.

पोर्तुगीज सरकारच्या 1774 च्या फर्मानांनी कागदोपत्री समता आली, तरी देशी पाद्र्यांची बढती अडलेलीच राहिली. त्या असंतोषातून पोर्तुगीज राजवट उलथण्याचा 1787 चा पिंटो कट उभा राहिला. तो फुटल्यावर 1788 मध्ये 15 जणांना देहदंड झाला. त्यांत पाद्री एकही नव्हता. पाद्र्यांची रवानगी लिस्बनच्या कैदेत झाली.