शिवणयंत्रावरचा आकडा

पेडणे-डिचोलीच्या जुन्या घरांत पडवीच्या कोपऱ्यात सिंगरची शिवणयंत्रे गंजत पडलेली दिसतात. मिळतील ती मी घरी आणून दुरुस्त करतो. घरच्यांना विचारावे तर "आजीच्या लग्नातले" एवढेच उत्तर. साल सांगतो तो यंत्राच्या बैठकीवरचा आकडा. 1900 पासून सिंगरने आकड्याआधी अक्षरे घातली. एफ किंवा वाय असेल तर यंत्र स्कॉटलंडच्या क्लाइडबँक कारखान्यातले. (तो 1980 साली बंद पडला.) कधी यंत्र आजीच्या लग्नाहून वीस वर्षांनी जुने निघते. म्हणजे आजीकडे येण्यापूर्वी ते दुसऱ्याच कुणाकडे तरी होते!

आपल्याकडे यंत्रात खोबरेल ओतायची खोड. ते सुकून डिंकासारखे होते आणि चाक हलत नाही. रॉकेल सोडून दोन-तीन दिवस थांबावे, जोर करू नये. स्पिरिट मात्र वर्ज्य. काळ्या अंगावरची सोनेरी नक्षी, काहींवर तर चक्क इजिप्तचा स्फिंक्स, लाखेच्या थराखाली असते आणि स्पिरिटने लाख विरघळते.

काही जण नवा रंग मारून यंत्र दिवाणखान्यात मांडतात. मला ते पटत नाही. सुईसमोरची नक्षी झिजलेली असते ती वर्षानुवर्षे कापड सरकवणाऱ्या हातांनी. गावची पोलकी शिवणाऱ्या त्या बाईचे नाव कुठल्या दप्तरात सापडणार? रंगाखाली तिची तेवढी खूणही जाते.

सध्या एक यंत्र होडीच्या आकाराच्या शटलवाचून अडले आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दोनदा विचारले, पुन्हा जाईन.