हिंगण्याची गृहीतागमा

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या मंडळात एक विषय निघाला आणि वाण लुटायचे राहून त्यावरच तासभर बोलणे झाले. इंदापूरकडच्या एका भगिनीची मुलगी बारावीला होती. पुण्याच्या एका खाजगी विद्यापीठात तिला जायचे होते. फीचा आकडा ऐकून घरात सगळे गप्प झाले होते, कारण दोन वर्षांचे उसाचे बिल त्यात जाणार होते. पण त्या माउलीची खरी धास्ती निराळीच होती. ती म्हणाली, "काकू, ते सरकारी नाही ना! उद्या ही पदवी कुणी मानलीच नाही तर पोरीनं काय करायचं?"

हा प्रश्न ऐकताच मला शंभर वर्षांपूर्वीच्या हिंगण्याची आठवण झाली. हाच प्रश्न तेथे शिकणाऱ्या मुलींच्या आयांनी विचारला असणार, आणि त्यांना तर धड उत्तर देणारेही कोणी नव्हते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी संपादिकाबाईंनी लेख मागितला तेव्हा हाच विषय घेतला.

अण्णासाहेब कर्वे आपल्याला भारतरत्न म्हणून ठाऊक आहेत. ते 1891 पासून 1914 पर्यंत फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत होते. 1893 मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. याच गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत्या, आणि पुढे त्या बाया कर्वे या नावाने ओळखल्या गेल्या. 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना झाली. पुण्यात प्लेग आला आणि 1900 मध्ये आश्रम गावाबाहेर हिंगण्याला हलला. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेवर एक साधी झोपडी उभी राहिली. कॉलेज सुटले की अण्णा चार मैल चालत हिंगण्याला जात आणि मुलींना शिकवून रात्री तेथेच राहात. सकाळी पुन्हा पायी पुण्यात. रस्ता कसला, चिखलच तो.

या आश्रमातून 1907 मध्ये महिला विद्यालय निघाले आणि त्यानंतर अण्णांच्या हाती जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली. 1915 च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. त्या भाषणात त्यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली आणि सहा-सात महिन्यांत, 1916 च्या उन्हाळ्याअखेर, भारतवर्षीय महिला विद्यापीठ सुरू झालेसुद्धा! डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर पहिले कुलपती आणि रँग्लर परांजपे पहिले कुलगुरू. दोघेही मोठे विद्वान. आणि कॉलेजच्या वर्गात मात्र चार-पाच मुली.

त्याच सुमारास काशीचे हिंदु विद्यापीठ निघाले. त्याला 1915 मध्ये सरकारने रीतसर कायदा करून दिला होता. हिंगण्याच्या विद्यापीठाला कायदा नव्हता, सनद नव्हती. सरकारच्या मान्यतेची वाट पाहात बसले असते तर अण्णांच्या हयातीत काही घडले असते की नाही कोण जाणे, म्हणून त्यांनी ती पाहिलीच नाही. वार्षिक वर्गणी देणाऱ्या लोकांनी आपले प्रतिनिधी निवडायचे आणि त्या प्रतिनिधींनी विद्यापीठ चालवायचे, अशी व्यवस्था केली. आजच्या भाषेत ते संपूर्ण खाजगी विद्यापीठ होते. फरक एवढाच की त्याच्या पाठीशी भांडवल नव्हते.

तेथील शिक्षणही मुंबई विद्यापीठापेक्षा निराळे. सगळे विषय मातृभाषेतून शिकवायचे आणि इंग्रजी हा एक सक्तीचा विषय ठेवायचा. त्यांच्या जोडीला गृहजीवनशास्त्र आणि आरोग्यशास्त्र. गांधीजींना मातृभाषेचे माध्यम मनापासून पसंत पडले, पण इंग्रजीची सक्ती रुचली नाही. अण्णांनी मात्र ती सोडली नाही. पदव्यांची नावेसुद्धा घरची होती. बी. ए. च्या जागी 'गृहीतागमा' आणि एम. ए. च्या जागी 'प्रदेयागमा'. आगम म्हणजे विद्या. ती जिने घेतली ती गृहीतागमा आणि जी ती इतरांना देऊ शकते ती प्रदेयागमा. नावे किती अर्थपूर्ण! पण अशी पदवी सांगणाऱ्या मुलीला समोरचा माणूस पहिला प्रश्न हाच करणार, की म्हणजे काय हो?

त्या पदवीवर सरकारी नोकरीचा हक्क सांगता येत नव्हता. मुंबई विद्यापीठाची बी. ए. झालेली आणि हिंगण्याची गृहीतागमा झालेली, दोघींनीही शिक्षणात वर्षे घालवलेली. पण कागदाचे वजन सारखे नाही. अण्णांनी आपले नाव पणाला लावले असे आपण नेहमी म्हणतो, आणि ते खरेच आहे. परंतु त्या पहिल्या चार-पाच मुलींनी आपल्या आयुष्याची ऐन वर्षे पणाला लावली हे फारसे कोणी म्हणत नाही. त्यांच्यातल्या काहींचे केस गेलेले, कपाळ मोकळे, माहेरी-सासरी दोन्हीकडे जागा नाही. त्यांना गमावण्यासारखे फार नव्हते असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. ज्याच्याजवळ थोडे असते त्याला ते थोडेच फार मोलाचे असते.

त्या काळचे आश्रमातले दिवस समजून घ्यायचे असतील तर दोन पुस्तके मंडळाच्या कपाटात असावीत. एक बाया कर्वे यांचे 'माझे पुराण' आणि दुसरे त्यांच्या धाकट्या बहीण पार्वतीबाई आठवले यांचे 'माझी कहाणी'. पार्वतीबाई तरुणपणीच विधवा झाल्या. त्यांनी आश्रमाचे स्वयंपाकघर पाहिले, पुढे गावोगाव हिंडून वर्गणी गोळा केली. इंग्रजी येत नाही ही खंत मनात होती, म्हणून 1918 मध्ये, पन्नाशीला टेकल्या असताना, एकट्या अमेरिकेला गेल्या. तेथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या, भाषा शिकल्या, संस्थेसाठी पैसे मिळवले आणि 1920 मध्ये परत आल्या. बारामतीहून पुण्याला एकटीने एसटीने जायचे तर आपल्यापैकी काहीजणी अजून सोबत शोधतात!

1920 मध्येच सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव मिळाले. तेच आजचे एस. एन. डी. टी. पुढे 1936 मध्ये मुख्य कचेरी मुंबईला गेली. सरकारने कायदा करून विद्यापीठाला मान्यता दिली ती 1951 मध्ये. म्हणजे आरंभापासून पस्तीस वर्षांनी.

हे सारे कौतुकाने सांगत असताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. बालिकाश्रमाची दारे आरंभी सर्व जातींच्या मुलींना उघडी नव्हती. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे आपल्या बहिणीला, जनाक्कांना, तेथे घालू पाहात होते. त्या ब्राह्मण नसल्यामुळे त्यांना प्रवेश मिळाला नाही. शिंद्यांनी ते आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. बारामती-इंदापूरच्या बहुतेक घरांतील मुलींना त्या काळी हिंगणे अंतराने दूर होतेच, त्याहूनही या कारणाने दूर होते. आपल्याकडच्या शारदाबाई पवार यांचे शिक्षण झाले ते पुण्याच्या सेवासदनात, रमाबाई रानडे आणि देवधर यांनी 1909 मध्ये सुरू केलेल्या संस्थेत. पुढे त्या जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या आणि मुलांना शिकवण्याच्या बाबतीत त्यांनी तडजोड केली नाही, हे बारामतीत कोणाला सांगायला नको.

आणखी एक शंका माझ्या मनात नेहमी येते. मुलींसाठी निराळा अभ्यासक्रम, हे बरोबर होते का? आगरकरांचे मत मुलींना मुलांसारखेच शिक्षण द्यावे असे होते. अण्णांच्याच सूनबाई, इरावतीबाई कर्वे, फर्ग्युसनमध्ये शिकल्या, बर्लिनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि मग 1931 ते 1936 या काळात सासऱ्यांच्या विद्यापीठाच्या रजिस्ट्रार होत्या. म्हणजे विद्यापीठ चालवणारी सून स्वतः दुसऱ्या वाटेने शिकलेली! तरीही मला वाटते, ज्या मुलीला इंग्रजी माध्यमामुळे कॉलेजचा उंबरठाच ओलांडता आला नसता, तिच्यासाठी मराठीतून शिकवणारे ते चार-पाच जणींचे कॉलेज हाच एक मार्ग होता. आगरकरांचे म्हणणे तत्त्वाने बरोबर, अण्णांचे त्या दिवसापुरते बरोबर.

आपल्याकडे कॉलेज यायला 1962 उजाडले. त्या वर्षी बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघाले. त्याआधी कॉलेज म्हणजे पुण्याचे वसतिगृह, आणि मुलीच्या बाबतीत बहुतेक घरी तेथेच विषय संपे. 1972 मध्ये विद्या प्रतिष्ठान आले, पुढे शारदानगरला मुलींचे महाविद्यालय झाले. ही सारी महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी जोडलेली, त्यामुळे पदवी मानतील की नाही ही चिंता आपल्या पिढीला कधी पडलीच नाही. ती चिंता आता परत आली, याचे कारण अलीकडच्या काळात राज्य सरकारने एकेका खाजगी विद्यापीठासाठी वेगळा कायदा केला आणि अशी विद्यापीठे पुण्याभोवती बरीच झाली.

तेव्हा त्या भगिनीला मी जे सांगितले ते येथेही लिहिते. 1956 च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याप्रमाणे, कायद्याने स्थापन झालेले किंवा तसा अधिकार दिलेले विद्यापीठच पदवी देऊ शकते. आयोग अशा विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो, आणि बनावट विद्यापीठांचीही करतो. आधी यादी पाहावी, मग वसतिगृह पाहावे, मग तेथे शिकणाऱ्या दोन मुलींना शिक्षक वर्गावर येतात का हे विचारावे. इमारत शेवटी पाहावी. गंमत अशी, की हा कायदा 1916 मध्ये असता तर अण्णांचे विद्यापीठ त्या बनावटांच्या यादीतच गेले असते!

ती मुलगी शेवटी पुण्यालाच गेली, पण त्या खाजगी विद्यापीठात नव्हे. कर्वेनगरच्या मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिला जागा मिळाली. महर्षी कर्वे संस्थेने 1991 मध्ये काढलेले हे कॉलेज जुन्या हिंगण्याच्याच भूमीवर आहे. दिवाळीला ती आली तेव्हा मी तिला विचारले, अण्णांची झोपडी पाहिलीस का? म्हणाली, "अजून नाही, काकू. सबमिशन चालू आहेत."

आपल्या दोन्ही तालुक्यांत कोणाच्या घरी आजीच्या किंवा पणजीच्या ट्रंकेत गृहीतागमेचे पदवीपत्र असेल, तर कृपया मंडळाच्या चिटणीसबाईंना कळवावे. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत त्याचे छायाचित्र छापण्याचा विचार आहे.