रक्त कीं अन्न?

वस्तुसंग्रहालयांतील एखादी जुनी तलवार किंवा चिलखत पाहून बाहेर पडतांना कोणीतरी म्हणतोच, “पूर्वींचीं माणसें कसलीं धिप्पाड! आतां तीं हाडें राहिलीं नाहींत.” हा उद्गार वाडवडिलांविषयींच्या आदरानें भरलेला असतो, म्हणून त्याला कोणी हरकत घेत नाहीं. परंतु आदर ही एक गोष्ट आणि इतिहास ही दुसरी. मनुष्याची उंची व ताकद युगानुयुग सारखी खालावतच आली काय, हा प्रश्न जुनीं हाडें, सैन्यांचीं भरतीपत्रकें आणि प्रयोगशाळेंतील तराजू यांनाच विचारला पाहिजे. त्यांची साक्ष आपल्या समजुतीहून बरीच निराळी आहे.

प्रथम हाडांची साक्ष घेऊं. ग्रीस व तुर्कस्तान या भागांत सांपडलेल्या सांगाड्यांवरून शास्त्रज्ञांनीं असें अनुमान बांधलें कीं, हिमयुगाच्या अखेरीस शिकार व कंदमुळें यांवर जगणाऱ्या पुरुषाची उंची सरासरीनें सुमारें ५ फूट ९ इंच असे, इ. स. पूर्वीं ३००० च्या सुमारास, म्हणजे शेती चांगली स्थिरावल्यावर, ती सुमारें ५ फूट ३ इंचांवर आली. याचीं कारणें समजण्यासारखीं आहेत. हिंडत्या मनुष्याच्या पोटांत मांस, फळें, कंद, पाला असे नाना पदार्थ जात. शेतकऱ्याचें पोट एकदोन धान्यांवर येऊन ठेपलें. वस्ती दाट झाली, गुरेंढोरें दाराशीं आलीं, पाणी नासलें, रोग वाढले. शिवाय पिकाचा वांटा राजाला व पुरोहिताला द्यावा लागला तो वेगळाच. शेतीनें मनुष्याला गांव, लिपि व राज्य हीं दिलीं खरीं. पण त्यांचें मोल प्रथम त्याच्या देहाकडून वसूल केलें.

तेव्हां ‘पूर्वींचीं माणसें उंच’ या म्हणण्यांत तथ्यांश आहे. मात्र तें ‘पूर्वीं’ आजोबा-पणजोबांचें नव्हे, कांहीं हजार वर्षांमागचें आहे. आणि त्यानंतर उंची अखंड घटत गेली असेंहि नाहीं. ती अन्नाबरोबर चढली व अन्नाबरोबर उतरली. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेच्या गवताळ मैदानांतील शायेन लोक रानरेड्यांच्या मांसावर जगत व घोड्यावरून हिंडत. फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञानें १८९० नंतरच्या दशकांत जमविलेल्या मापांवरून त्यांच्या पुरुषांची सरासरी उंची साडेनऊ इंचांवर पांच फूट निघते. म्हणजे तत्कालीन गोऱ्या अमेरिकनांहूनहि ते उंच होते. त्याच शतकाच्या मध्यास हॉलंडच्या सैन्यांत येणारा तरुण सरासरीनें ५ फूट ५ इंचच भरे. आज त्याच हॉलंडचे पुरुष सरासरीनें सहा फूट असून जगांतील अत्यंत उंच लोकांत त्यांची गणना होते. दीडशें वर्षांत एखाद्या राष्ट्राचें रक्त पालटत नसतें. पालटलें तें त्याचें दूध, त्याचें पाणी व त्याच्या गरिबांचें घर.

एकाच राष्ट्राच्या पोटांत हा भेद किती खोल असूं शकतो, याचें उदाहरण इंग्लंडनें घालून दिलें आहे. लंडनच्या मरीन सोसायटी या धर्मादाय संस्थेंत दाखल होणाऱ्या दरिद्री मुलांच्या उंचीच्या नोंदी जतन झाल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं याच वयाचीं सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयांतील श्रीमंतांचीं मुलें त्यांच्याहून जवळ जवळ सहा इंच उंच होतीं. भाषा एक, धर्म एक, राजा एक; ताट मात्र निराळें. पुढें १८९९ मध्यें बोअर युद्ध सुरू झालें, तेव्हां कारखान्यांच्या शहरांतून भरतीस आलेले तरुण इतक्या मोठ्या संख्येनें नापास होऊं लागले कीं राज्यकर्ते हादरले. ‘इंग्रजांचा वंश खालावत चालला काय?’ या प्रश्नाचा विचार करण्यास सरकारी समिति बसली. तिनें १९०४ मध्यें निवाडा दिला तो असा कीं, दोष आनुवंशिक ऱ्हासाचा नसून दारिद्र्य, निकस अन्न व कोंदट वस्ती यांचा आहे. लगोलग १९०६ मध्यें शाळेंतील भुकेल्या मुलांस जेवण देण्याचा कायदा झाला व पुढच्याच वर्षीं शाळांतून वैद्यकीय तपासणी आली.

गंमत अशी, कीं जे राज्यकर्ते स्वदेशांत अन्नाकडे बोट दाखवीत होते, तेच हिंदुस्थानांत रक्ताकडे बोट दाखवीत. कांहीं जाति जन्मतःच लढवय्या व कांहीं जन्मतःच दुर्बळ, हें त्यांच्या सैन्यभरतीचें सूत्र होतें. या सूत्राला मोठा धक्का देणारा प्रयोग मात्र निलगिरींतील कुन्नूर येथें एका ब्रिटिश लष्करी डॉक्टरानेंच केला. रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनीं इ. स. १९२० नंतरच्या दशकांत एकाच वाणाचे उंदीर घेतले, सारख्या पिंजऱ्यांत ठेवले, त्यांच्या स्वच्छतेंत भेद केला नाहीं. भेद केला तो फक्त खाण्यांत. एका गटास शीख खातात तें, दुसऱ्यास पठाणांचें, तिसऱ्यास मराठ्यांचें, आणि असेंच गुरखे, कानडी, बंगाली व मद्रासी यांचें अन्न दिलें. शेवटीं वजनें केलीं तेव्हां शिखांच्या अन्नावर वाढलेला उंदीर सरासरीनें २३५ ग्रॅम, पठाणांच्या २३०, मराठ्यांच्या २२५ आणि मद्रासच्या १५५ ग्रॅम भरला. गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ, भाजी, फळ व प्रसंगीं मांस हें पहिल्या ताटांत होतें. शेवटच्या ताटांत सडलेला तांदूळच फार, बाकी सारें बेताचें.

मराठ्यांचा क्रमांक तिसरा लागला म्हणून आपण मिशीवर ताव देण्याचें कारण नाहीं. त्या उंदरांत शीख कोणी नव्हता, मराठाहि नव्हता. सर्वांचें रक्त एकच होतें, आणि तरीहि त्यांच्यांत ‘लढवय्ये’ व ‘दुर्बळ’ निर्माण झाले. उंदरांचा न्याय माणसांस जशाचा तसा लागू पडत नाहीं, आणि ‘मद्रासचें अन्न’ म्हणजे तेथील सर्वांचें अन्न नव्हे, गरिबाचें अन्न, हेंहि ध्यानांत ठेवलें पाहिजे. पण जातीच्या गुणाचें जें स्पष्टीकरण आपण रक्तांत शोधतों, त्याचा बराच भाग ताटांत असतो, एवढें या प्रयोगानें निश्चित दाखविलें.

शिवाय तें मराठी ताट तरी सर्वांस सर्वकाळ कोठें मिळालें? १८७६–७८ च्या दुष्काळांत सर रिचर्ड टेंपल यांनीं कष्टाच्या कामावरील मजुरास दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारें अर्धा शेर धान्य पुरे, असें ठरविलें. मद्रासचे आरोग्याधिकारी कॉर्निश यांनीं त्याला कसून विरोध केला. मुंबई इलाख्यांत मजुरांनीं अशा कामावर जाण्याचेंच नाकारलें आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू मांडली. ज्या पिढीचें बालपण अशा सालांत गेलें, तिच्या खुज्या बांध्याचा दोष कोणत्या रक्ताला द्यावयाचा?

कोणी म्हणेल, व्यायामाचें काय? व्यायाम मोठाच, पण तो अन्नावरच चढतो. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं मल्लविद्येस आश्रय दिला तो आखाड्याच्या मातीपुरता नव्हता. मल्लांच्या खुराकाचीहि तजवीज त्यांनीं केली. दूध-बदामाशिवाय जोर-बैठका म्हणजे ठेव न ठेवतां व्याज काढणें होय. आनुवंशिकताहि खोटी नाहीं: उंच बापाचा मुलगा बहुधा उंच होतो. परंतु बापाकडून मुलाला मिळते ती मर्यादा. तेथवर पोंचणें न पोंचणें हें गर्भावस्थेपासून पहिल्या दोनतीन वर्षांतील अन्नावर व आजारांवर फार अवलंबून असतें. अतिसारानें वारंवार खंगणाऱ्या मुलाला दिलेलें दूधहि अंगीं लागत नाहीं, म्हणून विहिरीचें पाणी हाहि उंचीच्या इतिहासाचाच विषय आहे.

हा इतिहास संपलेला नाहीं. दक्षिण कोरियाच्या स्त्रिया एका शतकांत सुमारें आठ इंचांनीं उंच झाल्या. आपल्या देशांत मात्र २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत पांच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं. आणि ज्या घरांत अन्नाची वाण नाहीं, अशा कित्येक सुशिक्षित घरांतहि सर्वांची पानें वाढून झाल्यावर उरलें-सुरलें खाऊन उठणारी गृहिणी असते. गर्भारपणांतहि तिचा क्रम शेवटचाच असतो. पुढील पिढीच्या उंचीचा पहिला इंच त्याच पानावर ठरत असतो.

तेव्हां पूर्वजांच्या तलवारी अवश्य पाहाव्या व त्यांच्या पराक्रमाचा अभिमानहि धरावा. पण तलवार पेलणारा हात कोणत्या अन्नावर पोसला होता, हेंहि विचारावें. आणि घरीं परतल्यावर आपल्या स्वयंपाकघरांत सर्वांत शेवटीं कोण जेवतें, तें एकदां डोळे उघडून पाहावें.