पाण्यातली कबर
आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींसाठी बाप्तिस्मा म्हणजे एक प्रकारचे मरणच होते. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो, की बाप्तिस्मा घेणारा ख्रिस्ताबरोबर मरतो, पुरला जातो आणि नव्या जीवनात चालू लागतो. जेरुसलेमचा चौथ्या शतकातला बिशप सिरिल याच्या नावावरील प्रवचनांत हे डोळ्यांपुढे उभे राहते: उमेदवार कपडे उतरवून, अंगभर तेल लावून कुंडात उतरे. तीन बुड्या म्हणजे येशूचे कबरीतले तीन दिवस. तेच पाणी कबर आणि तेच आई. बाप्तिस्म्याआधीच हौतात्म्य आले, तर सांडलेले रक्त पाण्याच्या जागी धरत. बाप्तिस्म्यानंतरच्या पापांना क्षमा अवघड, म्हणून पुष्कळजण तो लांबवत, पळवाटच ती! सम्राट कॉन्स्टंटाइनने तो ३३७ मध्ये, अखेरच्या आजारात घेतला. जांभळा राजवेश पुन्हा अंगावर घातला नाही.