पॅलेस्टाइन प्रश्न : मराठवाड्याचा संदर्भ

पॅलेस्टिनी जनतेची सुरक्षितता, तिला मिळणारा राजकीय पाठिंबा आणि तिच्या प्रदेशाची आर्थिक उभारणी हे तीन विषय अरब व आशियाई मुत्सद्देगिरीत सहसा एका दमात घेतले जातात. मराठवाडा ज्यात होता त्या हैदराबाद संस्थानाचा आणि पुढे भारताचा अनुभव तपासला, तर ते एकमेकांपासून सुटेच राहिलेले दिसतात. पैसा जातो, ठरावावर मत पडते. पण जमीन ज्याच्या ताब्यात, त्याच्या संमतीवाचून दोन्हींचे फळ पदरात पडत नाही. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईसारख्या तालुक्याच्या गावाचा याच्याशी काय संबंध, अशी शंका रास्त आहे. निजामी अमलात मोमिनाबाद म्हणवणाऱ्या या गावी हैदराबाद कंटिन्जंट या ब्रिटिश अधिकाऱ्यांखालील फौजेच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ मध्ये कंटिन्जंट ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाले. त्याचा वारसा सांगणारी २० वी डेक्कन हॉर्स आणि २९ वी लान्सर्स ही पथके १९१८ च्या पॅलेस्टाइन मोहिमेत लढली. निजामाचे स्वतःचे लान्सर्सही म्हैसूर व जोधपूरच्या स्वारांबरोबर तिथे होते; दिल्लीच्या ‘तीन मूर्ती’ स्मारकातील एक मूर्ती त्यांची. २३ सप्टेंबरला हैफावर झालेल्या प्रसिद्ध धडकेचे श्रेय मात्र म्हैसूर-जोधपूरचे आहे. ते सरसकट तिघांना वाटून देण्याची प्रथा टाकून द्यावी.

देणगीच्या रूपातील पाठिंबाही निजामी काळातलाच. डिसेंबर १९३१ मध्ये जेरुसलेमला इस्लामी परिषद भरली आणि तिथे विद्यापीठ काढण्याचे ठरले. त्यासाठी जेरुसलेमचे मुफ्ती हाजी अमीन अल्-हुसेनी १९३३ मध्ये हिंदुस्थानात वर्गणीसाठी फिरले. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनीही मदत देऊ केली. विद्यापीठ काही उभे राहिले नाही. संस्थानाच्या महसुलात बीड जिल्ह्यातील कुळांचाही वाटा होता, आणि या दानाबाबत त्यांना विचारण्याचा प्रश्न त्या राज्यव्यवस्थेत उद्भवतच नव्हता.

१९४८ मध्ये हैदराबाद आणि पॅलेस्टाइन हे दोन्ही प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या एकाच सुरक्षा परिषदेपुढे होते, ही बाब हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या लेखनात क्वचितच येते. निजाम सरकारने ऑगस्टमध्ये भारताविरुद्ध तक्रार केली. १६ सप्टेंबरला पॅरिसच्या बैठकीत ती चर्चेला आली. तोवर भारतीय फौजा संस्थानात शिरून तीन दिवस झाले होते. १७ तारखेला निजामाचे पंतप्रधान लायक अली यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, निजामाने युद्धबंदी जाहीर केली. त्याच दिवशी जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट फोल्के बर्नाडॉट यांची ‘लेही’ या ज्यू सशस्त्र गटाने हत्या केली आणि दुसऱ्या दिवशी परिषदेने निषेधाचा ठराव केला. एक प्रश्न परिषदेने काही ठरवण्याआधीच मिटला, दुसरा तिचा मध्यस्थ मारला जाऊनही मिटला नाही. हैदराबादेत बहुसंख्य प्रजेला विलीनीकरण हवे होते, तेव्हा ही तुलनाच गैर, असा आक्षेप घेता येईल. न्यायाच्या बाजूने तो मान्यच आहे. येथे मुद्दा कार्यपद्धतीचा आहे: दोन्हीकडे निकाल मैदानावर लागला, परिषदेने त्याची नोंद घेतली.

राजकीय पाठिंबा : भारताने नोव्हेंबर १९४७ मध्ये पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत दिले, १९५० मध्ये इस्राएलला मान्यता दिली, १९७४ मध्ये पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला आणि १९८८ मध्ये पॅलेस्टाइन राज्याला. जानेवारी १९९२ मध्ये इस्राएलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडणारे पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव हे हैदराबाद मुक्तिसंग्रामात घडलेले, स्वामी रामानंद तीर्थांचे अनुयायी. स्वामीजी १९३० च्या दशकात अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक होते. रावांनी पॅलेस्टाइनला वाऱ्यावर सोडले, ही टीका अर्धीच टिकते. माद्रिद परिषदेत (१९९१) अरब राष्ट्रे आणि पॅलेस्टिनी प्रतिनिधी स्वतःच इस्राएलसमोर बसले होते, आणि संबंध जोडण्याच्या काही दिवस आधी मुक्ती संघटनेचे नेते यासर अराफत दिल्लीत येऊन गेले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझातील युद्धविरामाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला, डिसेंबरमध्ये त्याने बाजूने मत दिले.

आर्थिक उभारणी : रामल्लाचे टेक्नोपार्क (भारताचा वाटा १.२ कोटी डॉलर), बेत सहूर येथील रुग्णालयासाठी ३ कोटी डॉलरचा करार (२०१८), निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला वर्षाला ५० लाख डॉलर. टेक्नोपार्क उभे राहिले, मग ताब्याचा मुद्दा कशाला, असे कोणी विचारील. ते पश्चिम किनाऱ्यावर (वेस्ट बँक), पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या कारभाराखालील भागात आहे. भारताने नेहरूंच्या नावाचे ग्रंथालय दिले ते गाझाच्या अल्-अझहर विद्यापीठाला, आणि त्या विद्यापीठाच्या इमारती २०२३ पासूनच्या युद्धात उद्ध्वस्त झाल्या.

सुरक्षितता : १९५६ ते १९६७ गाझा पट्टीत संयुक्त राष्ट्रांच्या सेनेत भारतीय पलटणी होत्या, ईजिप्तने सांगताच ती सेना हटू लागली आणि निघण्याच्या तयारीत असलेले काही भारतीय जवान जूनच्या युद्धात मारले गेले.