धरणांपूर्वीचे जुन्नर-आंबेगाव : एका जुन्या नकाशाची साक्ष

जुन्नरच्या लेण्यांचा अभ्यासक प्रथम डोंगराकडे पाहतो, कारण शिलालेख डोंगरात आहेत. परंतु त्या लेखांत नोंदलेली दाने पुष्कळदा खालच्या गावांतील शेतांची आहेत. भिक्खुसंघाचा योगक्षेम ज्या खोऱ्यांवर चालला, ती पाहावयाची तर विसाव्या शतकाच्या मध्यातील नकाशाच हाती घ्यावा लागतो.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एक इंचास एक मैल या प्रमाणाच्या पत्रकांत जुन्नर ‘४७ ई’ विभागात येते. उंची फुटांत दिलेली. कुकडी, मीना व घोड या तिन्ही नद्या सह्याद्रीतून पूर्वेस वाहतात. मीना पारगावजवळ घोडला मिळते, कुकडी शिरूरच्या अलीकडे, आणि घोड पुढे भीमेस. या खोऱ्यांनाच कुकडनेर, मिन्नेर अशी जुनी नावे.

त्या काळी ही पात्रे मोकळी होती. पुढे कुकडी प्रकल्प झाला. १९८४ च्या माणिकडोह धरणाचा जलाशय कुकडीच्या वरच्या खोऱ्यात, म्हणजे नेमका जुन्नर व नाणेघाट यांच्या दरम्यान पसरला. सातवाहन काळात कोकणातील बंदरांचा माल घाट चढून याच बाजूने जुन्नरला येत असे. २००० साली पुरे झालेल्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली खुद्द आंबेगाव गेले. तालुक्यास नाव तेवढे राहिले, कचेरी घोडेगावी आहे.

आता लेख पाहा. मानमोडीचा डोंगर लेखात ‘मानमुकुड’ म्हणून येतो. सुमारे दोन सहस्र वर्षे नाव टिकले. नहपानाचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी तेथे मंडप व पाण्याची पोढी दिली. एका शक उपासकाने वडालिका गावी करंजाच्या झाडांसाठी २० निवर्तने भूमी दिली, आणि कटपुतक येथे वडासाठी ९. धान्याचे व्यापारी, कासार अशा श्रेणींची दानेही आहेतच. राजाश्रयापेक्षा शेत, झाड आणि धंदा यांवर हा संघ अधिक उभा होता, असे माझे मत आहे.

वडालिका म्हणजे मीनाकाठचे वडज, असे म्हणण्याचा मोह होतो. केवळ नादसाम्यावर विसंबू नये. नकाशातील जुनी वाट, ओढा, गावठाण व लेण्यापासूनचे अंतर जुळते का, हे आधी पाहावे. आणि जेथे आज पाणी आहे, तेथे ते केवळ त्या पत्रकावरच पाहता येईल.